एका तारेवर दोन हाका

संगणकाचा इतिहास लिहिणारे बहुधा मोठ्या गोष्टींचाच इतिहास लिहितात. प्रोसेसर किती पटींनी वेगवान झाला, स्मृती किती स्वस्त झाली, कोणत्या कंपनीने कोणावर मात केली, या गोष्टींना त्यात मानाचे पान मिळते. मात्र १९८१ पासून पुढची जवळजवळ वीस वर्षे ज्या एका क्षुल्लक वाटणाऱ्या कारणापायी असंख्य लोकांनी संगणकाची पेटी उघडी टाकून रात्री जागवल्या, त्या आयआरक्यूच्या भांडणाची बोळवण तळटीपेवर होते. आमच्या मते ही तळटीप मूळ मजकुराच्या तोलाची आहे. पीसी ज्या गुणामुळे जगभर पसरला, त्याच गुणाचे हे दुसरे अंग होते. आणि ते सोसण्याचे काम ज्यांच्या वाट्याला आले, ते ना आयबीएमचे अभियंते होते, ना कार्डे बनवणारे कारखानदार.

प्रथम हाकेविषयी. त्या काळचा प्रोसेसर एका वेळी एकच काम करी. कळ दाबली गेली आहे काय, तबकडीवरून मजकूर आला आहे काय, हे त्याने सतत जाऊन पाहत बसावे हा एक मार्ग. दुसरा मार्ग असा, की त्याने आपले काम करीत राहावे आणि ज्या उपकरणाला गरज असेल त्याने हाक मारावी. पोस्टमन आला काय हे पाहायला दर पाच मिनिटांनी दारात जाण्यापेक्षा त्यानेच कडी वाजवलेली बरी, इतकी ही साधी गोष्ट आहे. हाक ऐकू आली की प्रोसेसर हातातल्या कामात खूण घालून ते बाजूला ठेवतो, हाकेला ओ देतो आणि परत येऊन खुणेपासून पुढे सुरुवात करतो. या हाकेला 'इंटरप्ट' म्हणतात. मराठीत तिला 'व्यत्यय' म्हणण्याचा प्रघात आहे. आम्हाला तो शब्द थोडा अन्यायकारक वाटतो. व्यत्यय म्हणजे नको असलेली गोष्ट. इथे तर हाक पोहोचली नाही तरच सगळे अडते.

कल्पना पीसीपेक्षा पुष्कळ जुनी. ॲमस्टरडॅमच्या गणित केंद्रात काम करणाऱ्या एडस्खर डाइक्स्ट्रा यांनी १९५९ मध्ये जो प्रबंध सादर केला, तो इलेक्ट्रोलॉजिका एक्स-१ या यंत्रातील इंटरप्ट हाताळण्यावरच आधारलेला होता. यंत्राच्या रचनाकारांनी ही सोय सुचवली तेव्हा आपल्याला तिची धास्ती वाटली होती, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. धास्तीचे कारण मार्मिक होते. हाक कोणत्या क्षणी येईल हे सांगता येत नाही. म्हणून त्यात काही चूक राहिली, तर ती चूक पुन्हा घडवून दाखवता येईल याचीही खात्री नाही. आज बिघडले, उद्या तेच केले तर चालले. पुढे पीसीवाल्यांनी जो मनस्ताप भोगला, त्याचे इतके नेमके वर्णन दुसरे नाही.

आता १९८१. फ्लोरिडातील बोका रेटन येथे डॉन एस्ट्रिज यांच्या नेतृत्वाखाली आयबीएमच्या एका छोट्या गटाने साधारण वर्षभरात पीसी उभा केला आणि १२ ऑगस्ट रोजी तो जाहीर झाला. घाई असल्यामुळे बाजारात तयार मिळणाऱ्या सुट्या भागांवर भर होता. हाका गोळा करून प्रोसेसरपर्यंत पोहोचवण्यासाठी इंटेलची ८२५९ए ही चिप घेण्यात आली. तिला आठ तारा जोडता येतात, शून्य ते सात. शून्य क्रमांकाची तार घड्याळाच्या ठोक्यांना आणि एक क्रमांकाची कळफलकाला दिली गेली. उरलेल्या सहा तारा कार्डे खोचण्याच्या स्लॉटांपर्यंत नेल्या. स्लॉट होते पाच. त्यातही पडद्याचे कार्ड आणि फ्लॉपीचे कार्ड हे दोन जवळपास ठरलेले. पाच स्लॉट आणि सहा तारा हा हिशेब करताना कोणाच्याही कपाळाला आठी पडली नसेल, आणि पडायला नको होतीही.

पण एक निवड अशी झाली की जिची किंमत पुढे चक्रवाढीने वसूल झाली. ८२५९ए ही चिप हाक दोन प्रकारे ओळखू शकते. घंटेचे बटण दाबलेले आहे तोवर हाक चालू आहे असे मानायचे, हा एक प्रकार. बटण दाबले जाते तो क्षण तेवढा हाक मानायचा, मग बटण कितीही वेळ दाबून धरलेले असो, हा दुसरा. आयबीएमने दुसरा पत्करला. शिवाय कार्ड आपली तार स्वतःच वर-खाली ओढून धरी, त्यामुळे त्याच तारेवरच्या दुसऱ्या कार्डाशी त्याची विजेच्या पातळीवरच ओढाताण होई. ही ओढाताण क्षणभर बाजूला ठेवली, तरी दोन दारांना एकच घंटा असल्याचे दृश्य डोळ्यांपुढे आणावे. एकाने बटण दाबून धरले आहे. दुसऱ्याने दाबले, तर नवा नाद होत नाही. दुसरा पाहुणा दारात उभा राहतो आणि घरातल्यांना त्याचा पत्ताच नसतो. चिपमध्ये पहिल्या प्रकाराची सोय होती, एका बिटाचा प्रश्न होता, असे म्हणण्याचा मोह होतो. पण केवळ तो बिट बदलून भागले नसते, कार्डांची विद्युतरचनाही वेगळी करावी लागली असती. आणि सहा तारांवर पाच कार्डे असताना तार वाटून घेण्याची तजवीज कोण कशाला करील?

आयबीएमने दुसरी एक गोष्ट केली आणि तिच्यामुळे सगळा नकाशा बदलला. पीसीची तांत्रिक पुस्तिका विकत मिळत असे. तिच्यात मदरबोर्डचे आराखडे होते, बायॉसचा उताराच्या उतारा छापलेला होता. ज्याला सोल्डरिंगची इस्त्री धरता येते त्याने पुस्तिका वाचून कार्ड बनवावे. कोणाची परवानगी नको, कोणाच्या दप्तरी नोंद नको. नोंद नको म्हणजे अर्थातच कोणते कार्ड कोणती तार घेणार हे ठरवणाराही कोणी नाही.

१९८४ च्या पीसी एटीमध्ये आणखी एक ८२५९ए बसवण्यात आली. ही डागडुजी मोठी गमतीदार आहे. दुसऱ्या चिपला पहिल्या चिपशी बोलण्यासाठी पहिलीचीच एक तार लागते. त्यासाठी दोन क्रमांकाची तार खर्ची पडली. पण जुनी कार्डे दोन क्रमांक वापरत असणार, त्यांचे काय? म्हणून स्लॉटातली दोन क्रमांकाची जागा मुकाट्याने नवव्या तारेला जोडली आणि नववीवर हाक आली की ती दुसरीचीच आहे असे बायॉसने भासवायचे ठरले. एकाच तारेला लोक पुढे कधी 'दोन' तर कधी 'नऊ' म्हणू लागले आणि कोणाचेच चुकत नव्हते. आठ तारांच्या पंधरा झाल्या खऱ्या, पण दहापासून पुढच्या तारा स्लॉटाच्या नव्या, वाढीव भागात होत्या. आठ बिटांच्या आखूड कार्डाचे हात तिथवर पोहोचतच नसत. त्यांनी जुन्याच मूठभर तारांवर गुजराण करायची.

त्या मूठभर तारांचे हक्कदार किती? पहिल्या सीरियल पोर्टची चार, दुसऱ्याची तीन. फ्लॉपीची सहा, प्रिंटरची सात. दुसरा प्रिंटर क्वचितच कोणाकडे असे, म्हणून पाच ही त्यातल्या त्यात मोकळी. मग तिसरा आणि चौथा सीरियल पोर्ट आला आणि त्यांना अनुक्रमे चार आणि तीन याच तारांवर सामावून घेण्याची वहिवाट पडली. नॉव्हेलचे एनई-२००० हे नेटवर्क कार्ड आणि त्याच्या असंख्य नकला कारखान्यातून निघत त्या बहुधा तीन क्रमांकावर, म्हणजे दुसऱ्या सीरियल पोर्टच्या डोक्यावर. १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचे साउंड ब्लास्टर आले. ते सातवर नाहीतर पाचवर. त्या काळातला प्रत्येक खेळ सुरू होण्यापूर्वी 'पत्ता २२०, आयआरक्यू ५, डीएमए १' असे काहीतरी विचारी. ज्या मुलांना इंटरप्ट म्हणजे काय हे कोणी सांगितले नव्हते, त्यांना ही त्रयी पाढ्यासारखी पाठ होती.

भांडणाची लक्षणे विचित्र असत, आणि आम्हाला या इतिहासातला सर्वांत वाचनीय भाग हाच वाटतो. माउस पहिल्या सीरियल पोर्टवर आणि मोडेम तिसऱ्यावर असेल, तर दोन्ही आपापल्या जागी उत्तम चालत. मोडेमने फोन फिरवायला घेतला की पडद्यावरचा बाण जागच्या जागी थिजे. साउंड कार्डाची हाक हरवली, तर आवाज मुळीच येत नसे असे नव्हे. पहिला तुकडा वाजे आणि मग तोच तुकडा पुन्हा पुन्हा, अडकलेल्या तबकडीसारखा. कारण 'हा संपला, पुढचा द्या' हे सांगणारी हाक प्रोसेसरपर्यंत गेलेलीच नसे. नेटवर्क कार्ड सापडे, त्याचा दिवाही लागे, पण निरोप पलीकडे पोहोचत नसत. काही भांडणे तर नुसती कागदावरची होती. डॉस छपाईसाठी सातव्या तारेचा उपयोगच करीत नसे, त्यामुळे प्रिंटर आणि साउंड ब्लास्टर सातवर वर्षानुवर्षे गुण्यागोविंदाने नांदत. त्याच यंत्रावर कोणी ओएस/२ चढवले की ती प्रणाली सातवी तार खरोखरच वापरू लागे, आणि कालपर्यंतचा सलोखा संपे. बिघाड यंत्रात नाही, कार्डात नाही, आज्ञावलीतही नाही. तो त्या तिघांच्या संबंधात आहे, हे समजायला दुकानदाराला आणि गिऱ्हाइकाला फार वेळ लागे.

उपाय एकच होता आणि तो यंत्राबाहेरचा होता. सगळी कार्डे काढायची. पडद्याचे तेवढे ठेवून यंत्र सुरू करायचे. मग एकेक कार्ड खोचत जायचे, दर वेळी यंत्र बंद-चालू करायचे. कार्डावर सोंगटीएवढ्या प्लास्टिकच्या टोप्या असत, त्यांना जंपर म्हणत. चिमट्याने किंवा नखाने ती टोपी उचलून दुसऱ्या दोन खुंट्यांवर बसवली की तार बदले. कोणत्या खुंट्या म्हणजे कोणती तार, हे कार्डासोबतच्या चिठोऱ्यावर असे आणि ते चिठोरे हमखास हरवलेले असे. जाणते लोक पेटीच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवून त्यावर वाटणी लिहून ठेवत. मायक्रोसॉफ्टचा 'एमएसडी' नावाचा तपासनीस होता, पण त्याच्या सांगण्यावर विसंबणे धोक्याचे, कारण तो बराचसा वहिवाटीवरून बोले. त्याचाही इलाज नव्हता. जुन्या बसवरच्या कार्डाला 'तू कोणत्या तारेवर आहेस' असे विचारण्याची सोयच नव्हती. कार्ड मुके होते. लिनक्सच्या इथरनेट ड्रायव्हरांनी यावर एक धाडसी युक्ती काढली: कार्डाला मुद्दाम डिवचायचे आणि कोणत्या तारेवर हाक उमटते ते पाहायचे. युक्ती पुष्कळदा साधे. साधली नाही तर चुकीच्या कार्डाला डिवचले जाऊन यंत्रच गोठे.

हे सारे अटळ होते काय? मुळीच नव्हते. कमोडोरच्या अमिगामध्ये 'ऑटोकॉन्फिग' नावाची व्यवस्था १९८० च्या दशकातच होती. कार्ड खोचावे, यंत्र त्याला जागा नेमून देई. १९८७ च्या मॅकिंटॉश-२ मधील न्यूबसवर प्रत्येक स्लॉटाची हाक वेगळी ओळखता येई. खुद्द आयबीएमने त्याच वर्षी एप्रिलमध्ये पीएस/२ यंत्रे आणली आणि त्यांच्या मायक्रो चॅनल बसमध्ये हा दोष मुळातून दुरुस्त केला. हाका 'दाबून धरले आहे तोवर' या प्रकारच्या आणि म्हणून वाटून घेता येण्याजोग्या झाल्या. प्रत्येक कार्डाला स्वतःची ओळख सांगणारा क्रमांक मिळाला. जंपर गेले, वाटणी फ्लॉपीवरच्या आज्ञावलीने होऊ लागली. अभियांत्रिकीच्या दृष्टीने निर्दोष म्हणावे असे हे काम होते.

आणि बाजाराने ते नाकारले. जुनी कार्डे त्या स्लॉटात बसत नव्हती आणि नवी बनवायची तर आयबीएमचा परवाना आणि स्वामित्वशुल्क. कॉम्पॅकच्या पुढाकाराने नऊ कंपन्यांनी सप्टेंबर १९८८ मध्ये 'ईआयएसए' ही प्रतिस्पर्धी बस जाहीर केली. तिच्यात जुनी कार्डेही चालत. जुन्या बसला 'आयएसए' हे नाव पडले तेही याच सुमारास, आयबीएमचे व्यापारचिन्ह असलेले 'एटी' हे नाव टाळता यावे म्हणून. गंमत अशी की घराघरांत मायक्रो चॅनलही गेली नाही आणि महागडी ईआयएसएही नाही. दोन्ही मोठ्या कचेऱ्यांत आणि सर्व्हरांत राहिल्या. बाकीचे जग जंपर हलवीत राहिले.

यावरून ग्राहक अदूरदर्शी होते, असा निष्कर्ष इंग्रजी लेखनात अनेकदा काढलेला दिसतो. तो आम्हाला मान्य नाही. मायक्रो चॅनलमधली शिस्त आणि तिच्यावरची मालकी एकाच हाती होती. शिस्त घ्यायची तर मालकीही घ्यावी लागे. उलट मुक्या, बेशिस्त आयएसएवर तैवानमधला कोणताही लहान कारखाना कार्ड बनवू शकत होता आणि ते मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आयबीएमच्या नावाशिवाय, म्हणून आयबीएमच्या किमतीशिवाय मिळत होते. पुण्याच्या सी-डॅकचे 'जिस्ट' कार्ड आठवावे. डॉसच्या पडद्यावर देवनागरी उमटवण्यासाठी ते पीसीच्या स्लॉटात खोचावे लागे. आपली लिपी पीसीमध्ये आली ती अशी, एका कार्डाच्या रूपाने, आणि स्लॉट सर्वांना खुला होता म्हणून. या खुलेपणाची किंमत होती ती मात्र पेटीच्या झाकणाआड चुकती होई. कारखानदाराने पाच क्रमांक निवडला, दुसऱ्यानेही पाचच निवडला, आणि दोघांमधली तडजोड घडवण्याचे काम, विनामोबदला, शेवटच्या माणसाकडे आले. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, त्यानंतर ज्यांनी यंत्राच्या पोटात मोडेम बसवला त्यांना ही तडजोड चांगलीच ठाऊक असेल. मदरबोर्डवरचा दुसरा सीरियल पोर्ट बायॉसमध्ये जाऊन बंद करायचा, मोडेमला त्याच्या जागी तीन क्रमांकावर बसवायचे, आणि मगच फोन फिरवायचा.

मुक्या कार्डांना वाचा फोडण्याचा प्रयत्न १९९३ मध्ये झाला. इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या 'प्लग अँड प्ले आयएसए' या मसुद्यातली युक्ती सुंदर आहे. सगळी कार्डे एकाच बसवर, कोण कुठल्या स्लॉटात आहे हे यंत्राला कळत नाही. मग त्यांना एकेक करून वेगळे काढायचे कसे? प्रत्येक कार्डाला ७२ बिटांची ओळख दिली. यंत्र एकेका बिटाची हाकाटी करते. त्या जागी ज्याचा एक आहे त्याने हात वर करावा. ज्याचा शून्य आहे त्याने आजूबाजूला पाहावे, आणि कोणाचा हात दिसला तर या फेरीपुरते खाली बसावे. फेरी संपते तेव्हा एकच कार्ड उभे असते. त्याला एक क्रमांक द्यायचा आणि उरलेल्यांची पुन्हा फेरी घ्यायची. कोणतीही नवी तार न घालता जुन्याच बसवर हे साधले.

फसगत झाली ती सरमिसळीत. ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ आले तेव्हा लोकांच्या पेट्यांत नवी बोलकी कार्डे आणि जुनी मुकी कार्डे शेजारी शेजारी होती. मुक्याने पाचवी तार धरलेली आहे हे यंत्राला कसे कळणार? ते बिनदिक्कत पाचवी तार बोलक्याला देऊन टाकी. पूर्वी निदान वाटणी माणसाच्या हातात होती. आता यंत्र प्रत्येक वेळी चालू होताना ती नव्याने करी. 'प्लग अँड प्ले'चे 'प्लग अँड प्रे' झाले, म्हणजे खोचा आणि देवाचा धावा करा, ते उगाच नव्हे. बायॉसमध्ये 'ही तार जुन्या कार्डासाठी राखून ठेवा' असे सांगण्याची सोय होती. ती शोधून काढणाऱ्याला गल्लीत तज्ज्ञ म्हणून मान असे.

दरम्यान १९९२ मध्ये इंटेलने पीसीआय बस आणली होती. तिच्यात तार वाटून घेणे हा अपवाद नसून रिवाज होता. पण आता सलोखा ड्रायव्हरांच्या सभ्यपणावर अवलंबून राहिला. हाक आली की प्रत्येक ड्रायव्हरने आपल्या कार्डाला 'तू मारलीस काय' असे विचारायचे, आणि नसेल तर बाजूला व्हायचे. न विचारताच 'माझीच' म्हणणारे ड्रायव्हर काही कमी नव्हते. 'कार्ड काढून दुसऱ्या स्लॉटात लावून पाहा' हा त्या काळचा सल्ला अंधश्रद्धेसारखा वाटे, पण त्याला आधार होता. पीसीआयच्या चार हाका स्लॉटागणिक फिरवून जोडलेल्या असत, त्यामुळे स्लॉट बदलला की शेजारी बदले. विंडोज २००० ने अनेक यंत्रांवर निम्मीअधिक उपकरणे एकाच नवव्या किंवा अकराव्या तारेवर नेऊन बसवली, तेव्हा जुने जाणते हादरले. काहींनी पुन्हा जुन्या पद्धतीची वाटणी मिळावी म्हणून सगळी प्रणाली नव्याने चढवली. बहुतेकांना त्याची गरज नव्हती. मात्र संगीत ध्वनिमुद्रित करणाऱ्यांची तक्रार खरी होती. हाकेला ओ मिळायला थोडा जरी उशीर झाला, तरी आवाजात खरखर उमटे.

१९९९ मध्ये इंटेलच्या ८१० चिपसेटने आयएसएला थेट आधार देणे सोडले. नव्या नियंत्रकाने तारा चोवीसपर्यंत नेल्या आणि पुढे पीसीआय एक्स्प्रेसमध्ये तर हाकेसाठी तार हा प्रकारच उरला नाही. कार्ड स्मृतीतल्या एका ठरावीक पत्त्यावर एक आकडा लिहिते, तीच हाक. एका कार्डाला अशा दोन हजारांवर हाका मिळू शकतात. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये आज एखाद्या ग्राफिक्स कार्डाचा आयआरक्यू पाहिला, तर तिथे ४२९४९६७२९४ असा आकडा दिसतो. ती तार नव्हे. तार नाही हे सांगण्याची ती एक पद्धत आहे.

लिनक्सवाल्यांनी आपल्या यंत्रावर इंटरप्टांची यादी उघडून पाहावी. यादी लांबलचक असते, प्रत्येक गाभ्यासाठी वेगळा रकाना असतो. तिच्या डोक्यावर मात्र पुष्कळ यंत्रांत अजून त्याच ओळी आहेत: शून्यावर घड्याळ, एकावर कळफलक आणि आठवर १९८४ मध्ये एटीसोबत आलेले तारीख-वेळेचे घड्याळ. नऊ क्रमांक वीजव्यवस्थापनाकडे गेला आहे. दोन क्रमांकाची ओळ बहुधा दिसतच नाही.